प्रयोग चालू असताना मोबाइल: नाट्यगृहात शिस्त कशी आणावी?

कार्यवाह (प्रश्न)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या हौशी नाट्यसंस्थेचा मी कार्यवाह आहे. राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही दरवर्षी नाटक उतरवतो आणि स्पर्धा आटोपली की त्याच नाटकाचे गावात तिकीट लावून दोन-तीन प्रयोग करतो. आमच्या नाट्यगृहात सहाशेच्या आसपास खुर्च्या आहेत, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचतो आणि म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या चार माइकवर आमचे भागते. मात्र रंगमंचावरचा आवाज जसा शेवटच्या रांगेत जातो तसा चौथ्या रांगेतला आवाज रंगमंचावरही येतो, आणि माझा प्रश्न त्याविषयीच आहे.

गेल्या प्रयोगात दुसऱ्या अंकात एक जागा अशी होती की मुलगी वडिलांचे पत्र वाचून संपवते आणि त्यानंतर जवळजवळ अर्धा मिनिट रंगमंचावर कोणी काहीच बोलत नाही. त्या स्तब्धतेसाठी दिग्दर्शकाने तालमीत खूप मेहनत घेतली होती. नेमका त्या वेळी फोन वाजला. ज्यांचा तो होता त्या बाईंना पर्समध्ये तो लवकर सापडेना, आणि सापडल्यावर बंद करण्याऐवजी त्यांनी तो घेतला, तोंडावर पदर धरला आणि ‘नाटकाला आलेय, नंतर करते’ असे दोनदा सांगितले, कारण पलीकडच्या माणसाला पहिल्यांदा ऐकू गेले नसावे. त्यांच्या मनात कोणाला त्रास द्यावा असे काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण पत्र वाचणारी मुलगी अकरावीत शिकते, तिचे ते पहिलेच नाटक होते, आणि प्रयोग संपल्यावर ती रंगपटात कोणाशीही न बोलता बसून राहिली.

आम्ही सूचना देत नाही असे नाही. तिसऱ्या घंटेआधी ध्वनिमुद्रित निवेदन लावतो, दारावर फलक आहे, तिकिटाच्या मागेही छापतो. तरीही प्रत्येक प्रयोगात फोन वाजतातच, आणि जे वाजत नाहीत त्यांचा त्रास वेगळा असतो. अंधारात कोणी संदेश वाचू लागले की मागच्या पाच-सहा जणांचे लक्ष त्या उजेडाकडे जाते. शिवाय आमच्या गावात सगळे नट सगळ्यांच्या ओळखीचे, त्यामुळे आपला भाचा किंवा आपल्या शाळेतले सर रंगमंचावर आले की फोन वर करून चित्रण सुरू होते.

आमच्या कार्यकारिणीत यावर एकमत होत नाही. काहींना वाटते की वर्गणी काढून जॅमर, म्हणजे फोनचे सिग्नल रोखणारे यंत्र, बसवावा म्हणजे प्रश्नच मिटला. काहींना वाटते की दारावरच फोन जमा करून टोकन द्यावे. फोन वाजताच नटांनी प्रयोग थांबवावा, असे दिग्दर्शकाचे मत आहे, तर आमचे अध्यक्ष म्हणतात की गावातले लोक एकदा दुखावले तर पुढच्या वर्षी तिकीट कोण घेणार. दिवाळीनंतर आमचे तीन प्रयोग ठरले आहेत, त्याआधी काहीतरी निश्चित धोरण ठरवायचे आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

विंगेतून

मी व्यावसायिक नाटकांच्या प्रयोगांचे व्यवस्थापन पाहतो आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक नाट्यगृहांच्या दारात उभा राहिलो आहे. तुम्ही सूचना देता हे खरे, पण ती लोक ऐकण्याच्या स्थितीत नसताना देता, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते. तिसऱ्या घंटेआधी प्रेक्षक आपली रांग शोधत असतो, मुलांना बसवत असतो, शेजाऱ्याशी बोलत असतो. त्या गलबल्यात ध्वनिमुद्रित आवाज रेल्वे स्थानकावरच्या घोषणेसारखा कानावरून जातो.

यासाठी मी जे करतो ते फार साधे आहे. तिसरी घंटा होऊन लोक बसले की प्रेक्षागृहाचे दिवे तसेच चालू ठेवायचे आणि संस्थेतल्या एका माणसाने पडद्यापुढे येऊन, स्वतःचा फोन खिशातून काढून, सर्वांच्या देखत बंद करायचा. ‘मी माझा फोन बंद करतो आहे, आपणही आपला करावा, मी थांबतो’ एवढेच बोलायचे आणि खरोखर थांबायचे. या थांबण्यातच सगळे आहे. पहिले काही क्षण कोणी हलत नाही, मग पुढच्या दोन-तीन रांगांतले हात खिशाकडे जातात आणि ते पाहून मागचे लोक पर्स उघडतात. अर्धा मिनिट पुरतो. त्यानंतर नांदी किंवा ब्लॅकआउट. निवेदनात विनोद करू नये, मोबाइलची धून वाजवून दाखवू नये, कारण लोक हसतात, टाळ्या वाजवतात आणि फोन तसाच राहतो.

दुसरी गोष्ट, ‘सायलेंट’ हा शब्द निवेदनात अजिबात येऊ देऊ नका. सायलेंटवर टाकलेल्या फोनचा गजर वाजतो. संध्याकाळच्या गोळीसाठी लावलेला आठचा गजर मी इतक्या प्रयोगांत ऐकला आहे की त्या सुमारास माझे कान आपोआप टवकारतात. ‘डू नॉट डिस्टर्ब’वरही भरवसा ठेवता येत नाही. एकाच क्रमांकावरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देण्याची सोय त्यात असते (आयफोनमध्ये ही मुदत तीन मिनिटांची आहे, अँड्रॉइडमध्ये पंधरा), आणि घरचा माणूस फोन उचलला नाही म्हणून लगेच पुन्हा लावतो हे आपल्याला माहीतच आहे. कंपनावर ठेवलेला फोन लाकडी हातावर किंवा प्लायवूडच्या खुर्चीवर असला तर तीन रांगांना ऐकू जातो. म्हणून शब्द एकच वापरावा: बंद.

आता तिकिटाविषयी. तुमचे काही प्रेक्षक ऑनलाइन तिकीट काढत असतील तर ते दारावर फोनचा पडदा दाखवूनच आत येतात. म्हणजे फोन हातात आहे, पडदा उघडा आहे आणि समोर तुमचा माणूस उभा आहे. याहून चांगली संधी मिळणार नाही. डोअरकीपरने तिकीट तपासल्यावर ‘आता इथेच बंद करून टाका’ असे हसतमुखाने म्हटले तर दहातले सात-आठ जण तिथल्या तिथे ऐकतात. हे मोजून सांगत नाही, दारात उभे राहून जे दिसते ते सांगतो.

मध्यंतरानंतर पुन्हा सांगायला बहुतेक संस्था विसरतात, आणि माझ्या अनुभवात फोन सर्वांत जास्त वाजतात ते मध्यंतरानंतरच. पहिल्या अंकापूर्वी ज्यांनी निष्ठेने फोन बंद केला तेच मध्यंतरात तो चालू करून घरी चौकशी करतात, बटाटेवडा खातात आणि घंटा झाली की तसेच येऊन बसतात. तुमच्या त्या बाईंचा फोनही दुसऱ्या अंकातच वाजला, हे लक्षात घ्या. तेव्हा पडदा उघडण्याआधी तोच माणूस पुन्हा आला पाहिजे, दोनच वाक्ये बोलला पाहिजे आणि पुन्हा थांबला पाहिजे.

प्रेक्षागृहात रांगांच्या टोकाला चार स्वयंसेवक बसवा. त्यांच्या हातात लहान टॉर्च असावी, तिच्या काचेवर लाल जिलेटिन (पारदर्शक रंगीत कागद) लावलेले असावे आणि ती फक्त जमिनीकडे धरायची असते, माणसाच्या तोंडावर कधीही नाही. फोन उघडलेला दिसला की वाकून जायचे, हाताने खूण करायची आणि परत यायचे. एक अक्षरही बोलायचे नाही, कारण फोनवाल्याच्या बोलण्याइतकाच त्याला दटावणाऱ्याच्या बोलण्यानेही प्रयोगाचा विरस होतो.

आणि सुरुवात आपल्या घरापासून करा. विंगेतल्या मंडळींचे, प्रकाशयोजना आणि संगीत चालवणाऱ्यांचे, मेकअपमनचे फोन पहिल्या घंटेला बंद व्हायला हवेत. पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांनाही सांगावे लागते, आणि ते काम अध्यक्षांनीच केलेले बरे.

लहर

मी दूरसंचार क्षेत्रात अभियंता म्हणून काम करतो, म्हणून फक्त जॅमरच्या मुद्द्यावर लिहितो. तो विचार आजच मनातून काढून टाका. खासगी व्यक्तीने किंवा संस्थेने जॅमर बसवणे भारतात बेकायदा आहे. जॅमर कोणी घ्यावा याचे नियम केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळ सचिवालयाने घालून दिलेले आहेत, आणि त्यात मुख्यतः संरक्षण दले, पोलीस दले, तुरुंग प्रशासन अशा यंत्रणा येतात. काही परीक्षांसाठीही तशी परवानगी मिळते. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले की परवानगीशिवाय जॅमर वापरता येत नाही, आणि त्याची विक्री, जाहिरात किंवा आयात करणेही बेकायदा आहे. बाजारात किंवा संकेतस्थळावर कोणी स्वस्तात विकत असला तरी तो घेणाऱ्याला वाचवायला येणार नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी तांत्रिक कारणेही पुरेशी आहेत. नाट्यगृहाची भिंत कुठे संपते हे जॅमरला कळत नाही. शेजारच्या दुकानातले, रस्त्यावरचे, वरच्या मजल्यावरचे फोनही त्याने मुके होतात. प्रयोगात कोणाच्या छातीत दुखू लागले, कुठे शॉर्टसर्किट झाले, तर ११२ क्रमांकही लागणार नाही. २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी फोनच्या त्रासाला कंटाळून नाटकात काम करणे थांबवण्याची भाषा केली, तेव्हा नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची मागणी फार जोरात झाली होती. त्यांचा संताप योग्य होता, पण हा उपाय तेव्हाही योग्य नव्हता आणि आजही नाही. आणखी एक गोष्ट विसरू नका: जॅमरने फोन येणे थांबेल, पण आठचा गजर, आधी उतरवून ठेवलेली चित्रफीत आणि पडद्याचा उजेड यांतले काहीच थांबणार नाही.

तुमच्या चार माइकांविषयी एक उपयोगाची गोष्ट सांगतो. कधीकधी फोन वाजण्याच्या क्षणभर आधी ध्वनिक्षेपकातून टर्र-टर्र असा आवाज येतो, तो टूजी जोडणीवर असलेल्या फोनचा असतो. असा फोन ठरावीक अंतराने, सेकंदाला सुमारे २१७ वेळा, लहरींचे झटके सोडतो, आणि जवळ असलेली माइकची वायर किंवा मिक्सर तो झटका पकडून आवाजात बदलतो. फोरजीवर हा त्रास जवळपास नाहीसा होतो, पण साधे फोन अजून पुष्कळ लोकांकडे आहेत आणि कमकुवत सिग्नलच्या ठिकाणी स्मार्टफोनही टूजीवर उतरतो. तेव्हा पहिली रांग आणि माइक यांत अंतर ठेवा, वायर चांगल्या आवरणाची घ्या, आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याचा फोन मिक्सरवर ठेवलेला नाही ना, हे आधी पाहा. पुष्कळदा तो तिथेच असतो.

ड्यूटीवर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि नाटक पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. विंगेतून यांनी लिहिलेले जवळजवळ सगळे मला मान्य आहे, परंतु ‘बंद’ या एकाच शब्दावर ते थांबले तिथे मला थांबता येत नाही. माझी एखादी रुग्ण प्रसूतीच्या कळा देत असेल तर मी फोन बंद करू शकत नाही. मग मी काय करावे? घरी बसावे हे एक उत्तर झाले, आणि बहुतेक वेळा मी तेच करते. पण लहान गावात डॉक्टर मोजकेच असतात, आणि त्यांतला प्रत्येक जण कायमच कोणाच्या ना कोणाच्या हाकेवर असतो. अग्निशमन दलातले, वीज मंडळातले, घरी अंथरुणाला खिळलेले माणूस ठेवून आलेले, यांचेही तेच.

आमच्या गावातल्या नाट्यगृहात एक पद्धत आहे आणि ती मला फार सोयीची वाटते. तिकीट घेतानाच सांगितले तर शेवटच्या दोन रांगांतली, मधल्या वाटेला लागून असलेली खुर्ची मिळते. मी माझा फोन बाहेर व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवते, त्यावर माझा खुर्ची क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते, आणि रुग्णालयातल्या परिचारिकेला मी आधीच सांगून ठेवते की फोन दुसरे कोणी उचलेल. फोन आला तर डोअरकीपर आत येऊन माझ्या खांद्याला हात लावतो. मी उठून जाते, शेजाऱ्याला कळतसुद्धा नाही. अडीच तास मी निश्चिंतपणे नाटक पाहते, कारण खिशातला फोन थरथरला की काय, असे सारखे वाटत राहणे थांबते.

सर्वांचेच फोन जमा करण्याच्या मात्र मी विरोधात आहे. सहाशे फोन घेणे, सांभाळणे आणि प्रयोग सुटल्यावर दहा मिनिटांत परत देणे हे तुमच्या चार स्वयंसेवकांना झेपणारे नाही, आणि एक जरी फोन हरवला किंवा त्याची काच फुटली तरी संस्थेची वर्षाची मिळकत त्यात जाईल. फोन प्रेक्षकाच्याच हातात राहतो पण कुलूपबंद पिशवीत, अशी व्यवस्था परदेशात आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली ‘याँडर’ ही अमेरिकन कंपनी अशा पिशव्या देते आणि तिथले काही कलाकार त्यांचा आग्रहही धरतात. पण तिसऱ्या घंटेला धावत येणाऱ्या आपल्या प्रेक्षकांसाठी दाराशी तेवढा वेळ कुठून आणणार?

मनगटावरच्या घड्याळांचाही विचार करा. फोन बंद केला तरी स्मार्टवॉचचा पडदा हात हलला की उजळतो, आणि टाळी वाजवताना अख्खी रांग लुकलुकते. अनेक घड्याळांत नाट्यगृहासाठी वेगळा मोड असतो. निवेदनात ‘घड्याळही’ हा एक शब्द वाढवला की पुरे.

कलम

मी वकील आहे. इथे कायद्याच्या दोन गोष्टी एकत्र मिसळल्या जात आहेत, त्या वेगळ्या करून सांगते.

पहिली गोष्ट फोन वाजण्याची आणि बोलण्याची. नाट्यगृहात फोन वाजला म्हणून प्रेक्षकाला थेट दंड करणारी तरतूद माझ्या माहितीच्या कक्षेत आपल्याकडे नाही. न्यूयॉर्क शहराने मात्र २००३ मध्ये असा स्थानिक कायदा केला होता. तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी तो अमलात आणता येणार नाही असे सांगून नकाराधिकार वापरला, तरी नगर परिषदेने तो डावलून कायदा मंजूर केला आणि प्रयोग चालू असताना फोन वापरणाऱ्याला ५० डॉलर दंड ठरला. त्यानंतरही तिथले फोन वाजायचे थांबले नाहीत. २०१५ मध्ये तिथल्याच एका प्रयोगात पॅटी लुपोन या ज्येष्ठ अभिनेत्रीने संदेश पाठवत बसलेल्या प्रेक्षकाच्या हातातला फोन रंगमंचावरून निघून जाताना काढून घेतला, ही बातमी जगभर गाजली. कायदा पुस्तकात असून बारा वर्षे झाली होती. अंधारात, चालू प्रयोगात, पावतीपुस्तक घेऊन कोण फिरणार, हा महापौरांचा प्रश्न शेवटी खराच ठरला. आपल्याकडे मुंबईत बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये इअरफोनशिवाय गाणी किंवा चित्रफिती लावण्यास आणि फोनवर मोठ्याने बोलण्यास मनाई केली. बसमध्ये निदान वाहक असतो, दिवे असतात आणि प्रवाशाला पुढच्या थांब्यावर उतरवता येते. नाट्यगृहात यांतले काहीच नसते.

म्हणून तुमचा खरा आधार कायदा नसून तिकीट आहे. तिकीट म्हणजे तुमचा आणि प्रेक्षकाचा करार. त्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात न छापता दर्शनी भागावर, ऑनलाइन असेल तर पैसे भरण्याच्या आधीच्या पानावर, स्पष्ट अट घाला की प्रयोगात फोन वापरल्यास किंवा चित्रण केल्यास व्यवस्थापन बाहेर जाण्यास सांगू शकेल आणि तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत. जी अट पैसे देण्याआधी वाचायला मिळते तिच्यावर बोट ठेवता येते.

दुसरी गोष्ट चित्रणाची. अनेक संस्था दारावर ‘चित्रण केल्यास तुरुंगवास’ असा फलक लावतात आणि त्यामागे चित्रपटगृहांचा कायदा गृहीत धरतात. २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहात चालू चित्रपटाचे अनधिकृत चित्रण हा तुरुंगवासाला पात्र गुन्हा ठरवला आहे, हे खरे, पण ती तरतूद चित्रपटांसाठी आहे, नाटकासाठी नाही. नाटकाला आधार आहे तो कॉपीराइट कायदा, १९५७ चा. त्यात नटाला ‘परफॉर्मर’ म्हणून स्वतःचे हक्क आहेत. त्याचा प्रयोग ध्वनिमुद्रित किंवा चित्रित करण्याचा आणि तो लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अधिकार त्याचा आहे. मात्र त्याच कायद्यात चित्रण करणाऱ्याच्या केवळ खासगी वापरासाठी सूटही आहे. त्यामुळे मामाने भाच्याचे चित्रण केले आणि घरी पाहिले, तर या कायद्याने त्याच्याविरुद्ध फारसे काही करता येणार नाही. तेच चित्रण त्याने समाजमाध्यमावर टाकले की चित्र बदलते, आणि नाटककाराचा संहितेवरचा हक्कही आड येतो. हौशी संस्था नाटककाराची परवानगी घेऊन प्रयोग करत असतात, हे इथे विसरता कामा नये. तुम्ही घेतलेली परवानगी प्रयोगाची आहे, इंटरनेटवर प्रसारण करण्याची नाही. उद्या लेखकाने विचारले तर उत्तर संस्थेलाच द्यावे लागेल.

माझी सूचना अशी की चित्रणाची भूक वेगळ्या रीतीने भागवा. नाटक संपल्यावर, पडदा पुन्हा उघडून सर्व कलाकार वेशभूषेसह पाच मिनिटे उभे राहतील आणि तेव्हा हवी तेवढी छायाचित्रे काढा, असे सुरुवातीच्या निवेदनातच सांगून टाका. मामाला भाच्याचा फोटो मिळेल हे एकदा ठाऊक झाले की तो मधेच उभा राहणार नाही.

तिसरा अंक

मी बरीच वर्षे रंगमंचावर काम केले आहे, म्हणून प्रयोग थांबवण्याच्या मुद्द्यावर बोलते. तुमच्या दिग्दर्शकाची तळमळ मला समजते. मोठ्या नटांनी फोन वाजल्यावर प्रयोग थांबवल्याच्या घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या नावाचा दबदबा असल्यामुळे त्या क्षणी प्रेक्षागृह खजील होऊन शांतही झाले आहे. पण जिचे पहिलेच नाटक आहे अशा अकरावीतल्या मुलीवर हे ओझे टाकू नका. तिने भूमिका सोडून प्रेक्षकाकडे पाहिले तर पुन्हा त्या पत्रात शिरणे तिला जड जाईल, आणि ज्या साडेपाचशे लोकांनी फोन बंद ठेवला होता त्यांचाही रसभंग होईल.

तिला दुसरे काही शिकवता येते. फोन वाजला की नटाने हालचाल थांबवावी, भूमिका सोडू नये. ज्या मुद्रेत आहे त्या मुद्रेत, नजर आहे तिथेच ठेवून, श्वास चालू ठेवून थांबावे, आवाज संपू द्यावा, संपल्यावर मनात दोन आकडे मोजावेत आणि मग पुढचे वाक्य घ्यावे. प्रेक्षकांना ते भूमिकेचाच भाग वाटते, आणि फोनवाल्याला त्या शांततेत आपोआप उमजते. समोरच्या नटाला हे आधीपासून ठाऊक हवे, नाहीतर सहकलाकार संवाद विसरली असे समजून तो आपले वाक्य दामटतो. प्रॉम्प्टरलाही सांगून ठेवा. तालमीत मुद्दाम दोन-तीनदा फोन वाजवून याचा सराव करा. दिग्दर्शकाने न सांगता, स्वतःच्या खिशातला वाजवावा.

थांबवायचाच असेल तर तो निर्णय रंगमंच व्यवस्थापकाचा असावा आणि तो फक्त एका परिस्थितीत घ्यावा, म्हणजे कोणी सांगूनही बोलणे थांबवत नसेल तेव्हा. पडदा पाडा, दिवे लावा, त्या व्यक्तीला बाहेर नेऊन बोला आणि प्रवेश पहिल्यापासून घ्या. नटाने रंगमंचावरून प्रेक्षकाला चार शब्द सुनावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या माणसाला आपण सहाशे लोकांसमोर लाज आणतो तो नाटकाला पुन्हा येत नाही, आणि त्याच्याबरोबर घरातली आणखी चार माणसेही येत नाहीत. तुमच्या अध्यक्षांची भीती एवढ्यापुरती खरी आहे.

कार्यवाह

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीच्या बैठकीत हे सगळे धागे वाचून दाखवले. जॅमरचा विषय लहर यांच्या उत्तरानंतर पाच मिनिटांत संपला, आणि टोकनचा आग्रह धरणारे सदस्य डॉक्टरांच्या टेबलाच्या कल्पनेवर राजी झाले. शेवटच्या रांगेतल्या वाटेकडच्या सहा खुर्च्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी राखून ठेवणार आहोत. पडद्यापुढे येऊन फोन बंद करण्याचे काम त्या मुलीच्या आजोबांनी मागून घेतले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत, अर्ध्या गावाला त्यांनी शिकवले आहे, तेव्हा त्यांच्या समोर फोन चालू ठेवण्याची हिंमत फारसे कोणी करणार नाही असे वाटते. मध्यंतरानंतरही तेच येतील. दिग्दर्शकांनी तालमीत फोन वाजवायला सुरुवात केली आहे.

दोन शंका राहिल्या. तिकिटे छापायला टाकायची आहेत, तर अटीची भाषा नेमकी कशी असावी? आणि स्वयंसेवक म्हणून कोणाला बसवावे, कारण आमची तरुण मुले रंगमंचामागे गुंतलेली असतात.

कलम

‘प्रयोग चालू असताना मोबाइल बंद ठेवणे बंधनकारक आहे. मोबाइल वापरल्यास अथवा चित्रण केल्यास व्यवस्थापन प्रेक्षकास प्रेक्षागृहाबाहेर जाण्याची विनंती करील व तिकिटाची रक्कम परत मिळणार नाही. छायाचित्रांसाठी प्रयोगानंतर वेळ देण्यात येईल.’ एवढे पुरे. तिकीट क्रमांकाच्या लगेच खाली, त्याच आकाराच्या अक्षरात छापा, आणि तिकीट खिडकीवरही हाच मजकूर लावा.

विंगेतून

स्वयंसेवकांसाठी गावातल्या वाचनालयाच्या किंवा महिला मंडळाच्या सभासदांना विचारा. पन्नाशीच्या पुढच्या बाई वाकून शेजारी आल्या आणि नुसती हाताने खूण केली, तर तरुण असो वा म्हातारा, फोन लगेच खाली जातो. त्यांना रंगीत तालमीला बोलावून पूर्ण नाटक एकदा दाखवा. त्यांना प्रयोगाच्या दिवशी निम्मा वेळ प्रेक्षकांकडे पाहायचे आहे, शिवाय शांततेच्या जागा कोणत्या हे आधी माहीत असेल तर त्या क्षणी या बाई आपल्या खुर्चीवरून उठणार नाहीत.